परळचे वकील

'मी मुंबईला जाऊन येतो,' असे आमच्या मामंजींसमोर जो म्हणेल त्याला आमच्या घरी चहा मिळत नसे. परळातली सगळी माणसे त्या काळी तसेच म्हणत. गिरगावात किंवा कोटात, म्हणजे फोर्टाकडे, कामाला निघाली की मुंबईला निघालो म्हणत, आणि परतली की मुंबईहून आलो म्हणत. मामंजींच्या कानावर ते पडले की बसल्या जागेवरून उठून विचारत, "आणि आपण कुठे आहोत? रत्नागिरीत?" मग जरा शांत होऊन समजावत, "आपण मुंबईतच आहोत. ती मंडळी थोडी पुढे राहतात, इतकंच." माझे हे सासरे लाकडाच्या वखारीचे मालक. कोर्टाची पायरी जन्मात चढले नव्हते. पण सगळा परळ त्यांना वकील म्हणत असे, आणि त्यांचे अशील एकच, परळ.

हा नियम मला कोणी सांगितला नव्हता. मी गिरगावातली मुलगी. लग्न होऊन आल्याला चार दिवस झाले असतील. सासूबाईंनी माझ्या चोळीच्या खणाचे कौतुक केले आणि मी बोलून गेले, "मुंबईहून आणलाय." ओटीवरून आवाज आला, "सूनबाई, इकडे येताना भायखळ्याला नदी लागली होती का ग?" मी घाबरून दाराआडून म्हटले, "नाही." "डोंगर?" "नाही." "मग मुंबई संपली कुठे?" त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मामंजी उंच, काटकुळे, भुवयांत कायम लाकडाचा भुसा. छत्री बारा महिने हातात, पण ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. ती वस्तू दाखवायला, फळी ठोकून बघायला आणि माणसाला थांबवायला असे. मोजमाप मात्र छत्रीने नाही, स्वतःच्या हाताने. कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत टेकवत ते सबंध ओंडका मोजून काढत आणि वखारीतले सुतार पट्टी बाजूला ठेवून त्यांचे माप धरत.

नाटकाचे वेड त्यांना लहानपणापासूनचे. नाटके तेव्हा गिरगावाकडे होत. शनिवारी गिरणी सुटली की इथली माणसे तंगड्या तोडत तिकडे जात आणि सकाळी परत येत. मामंजी म्हणत, "दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस पहिल्या अंकातच पेंगतो. आपली माणसं तिकडे तिकीट काढून झोपायला जातात." आणि बायका? इतक्या लांब, रात्रीच्या वेळी कोण नेणार? सासूबाईंनी उभ्या जन्मात एकही नाटक पाहिले नव्हते. मामंजींनी घरी येऊन केलेल्या नकलांवरच त्यांची हौस भागत असे.

एकदा ते असेच वखारीतल्या माणसांना घेऊन नाटकाला गेले. दारात माझे वडील उभे होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. गिरगावात एक नवे, पक्के नाटकघर बांधायचे घाटत होते आणि तात्या त्या मंडळींतले पुढारी. व्याह्यांची थट्टा करायची म्हणून ते मोठ्याने म्हणाले, "या परळकर! बैल कुठे बांधलेत? गवत मागच्या बाजूला आहे." सगळे हसले. मामंजीही हसले. मला हे माझ्या यजमानांनी घरी आल्यावर सांगितले, आणि दोन दिवस मामंजींसमोर जायची मला लाज वाटली.  तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केले, "परळला नाटकघर होणार. गिरगावच्या आधी."

गिरण्यांना रविवारची सुट्टी तेव्हा नुकतीच मिळू लागली होती. रामजी नावाचा एक जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, आपल्या खात्यातली माणसे घेऊन वखारीत आला. "आयतवार आमचो आसा, आमी येतंव," एवढेच तो म्हणाला. दर रविवारी वीस-पंचवीस माणसे खांब उभे करायला येऊ लागली. लाकूड आमच्या वखारीतले, वर पत्रे, बाजूला फळ्या. तिकडे गिरगावात विटांच्या भिंती चढत होत्या आणि गॅसचे दिवे येणार होते. माहेरी गेले की तात्या विचारत, "काय म्हणतो तुमचा गोठा?" सासरी आले की मामंजी विचारत, "भिंती कुठवर आल्या ग?" मी दोन्हीकडे "मला काय कळतंय," म्हणून वेळ मारून नेई.

एका रविवारी दुपारी मामंजींनी मला नाटकघरात बोलावले. सोबत सासूबाई होत्या. मामंजींनी विचारले, "सूनबाई, तू गिरगावची. तिकडे बायकांना कुठे बसवतात?"

मी हळूच म्हटले, "वरती. बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागे. ऐकू सगळं येतं, दिसतं निम्मं."

"मग आपल्याकडे सगळं दिसलं पाहिजे. जा, वर जाऊन बस."

बायकांच्या माडीला त्यांनी दोन जिने काढले होते, एक पुढून आणि एक मागून, म्हणजे गर्दीत कोणाला पुरुषांमधून जावे लागू नये. मी वर जाऊन बसले. मामंजी रंगभूमीवर मधोमध छत्री धरून उभे राहिले आणि ओरडले, "दिसतो का?" मी मान हलवली. "मान मला दिसत नाही! मोठ्याने सांग!" सासऱ्यांसमोर सुनेने आवाज चढवायचा, तोही परक्या पुरुषांदेखत! मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "सांग ना. हे ऐकायचे नाहीत." मग मी सगळा जीव एकवटून ओरडले, "गुडघ्याच्या खाली दिसत नाही!" रामजीची माणसे हसायला लागली. मामंजी हसले नाहीत. त्यांनी सुतारांना हाक मारली आणि माडीची जमीन हातभर वर घ्यायला सांगितली. मग पुन्हा उभे राहिले. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी मी ओरडले, "वहाणांचे अंगठे दिसतात!" तेव्हा ते खाली उतरले.

आमचे नाटकघर आधी तयार झाले. पण नाटक करणार कोण? मामंजींनी ज्या नाटक मंडळीला बोलावले होते, तिच्या मालकांनी शब्द दिला आणि फिरवला. त्यांना गिरगावच्या गॅसच्या दिव्यांची भुरळ पडली. तात्यांच्या नाटकघराचा पहिला खेळ तेच करणार, अशा जाहिराती लागल्या. परळातली माणसे चिडली, कोणी त्या फाडायलाही निघाले. मामंजींनी त्यांना छत्री आडवी धरून थांबवले. त्यानंतर ते रोज सकाळी नाटकघर झाडून घेत, दारे उघडून ठेवत आणि पहिल्या रांगेत एकटे बसत. सासूबाई म्हणाल्या, "कोणी येणार नाही आता." ते म्हणाले, "येतील. जागा चांगली आहे." पण त्या दिवसांत त्यांचे जेवणात लक्ष नसे.

गिरगावचा खेळ चार-पाच दिवसांवर आला आणि तिकडे घात झाला. तपासणीला आलेल्या साहेबाने पाहिले, वरच्या माडीला जिना एकच. आग लागली तर माणसे उतरणार कुठून? दुसरा जिना होईपर्यंत खेळ बंद. तिकिटे गेलेली, नाटक मंडळी सामानासह येऊन बसलेली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तात्या आमच्या वखारीत आले. मी माजघराच्या खिडकीतून पाहत होते. करवती थांबल्या. मामंजी आज बैलांचे उट्टे काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. मला एवढेच दिसत होते, की इथे एक शब्द वाकडा गेला तर मला माहेर उरणार नाही.

"व्याही, मागणं घेऊन आलोय," तात्या उभ्यानेच म्हणाले. "तुमचं नाटकघर रिकामं आहे असं ऐकलं."

"रिकामं नाही. नाटक मंडळीची वाट पाहतोय," मामंजी म्हणाले. मग छत्री खाली टेकवून म्हणाले, "तुमची येऊ दे."

तात्यांनी उपरण्याने कपाळ पुसले. मामंजीच पुढे म्हणाले, "दोन गोष्टी. शनिवारी रात्री नाही, रविवारी दुपारी. आमची माणसं त्या दिवशी जागी असतात. आणि जाहिरातीत काय छापणार?"

"खेळ परळ येथे होईल, असं."

"नाही. 'मुंबईत, परळ येथे.'"

"एवढंच?"

"एवढंच कसं? पुढे 'येण्याजाण्यास सोयीचे' असंही छापा."

तात्या खो खो हसत सुटले आणि ओंडक्यावर बसले. मामंजींनी मला पन्हे आणायला सांगितले. पण तात्या मुलीच्या घरचे पाणी घेत नसत. मुलीला मूल होईपर्यंत बापाने ते घ्यायचे नाही, ही जुनी रीत, आणि मला तोवर मूल नव्हते. मामंजी म्हणाले, "मग नाटकघरात चला. ते काही मुलीचं घर नाही." दोघे व्याही रंगभूमीच्या कडेला पाय सोडून बसले आणि तिथे त्यांनी दोन-दोन पेले पन्हे घेतले.

रविवारी गिरगावाहून गाड्यांची रांग लागली. मामंजी फाटकात छत्री घेऊन उभे. तात्यांची गाडी आली तेव्हा चेहरा सरळ ठेवून म्हणाले, "या गिरगावकर! बैल डावीकडे बांधा. गवत मागच्या बाजूला आहे." तात्यांनी गाडीतूनच हात जोडले.

वर माडीत गिरणीतल्या बायका, शीवच्या कोळणी, आमच्या सासूबाई आणि माझी आई खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. पडदा वर गेला, नायिका आली आणि गाऊ लागली. नायिका म्हणजे अर्थात पुरुषच. आई एकदम माझा हात धरून म्हणाली, "अगं बाई! एवढी वर्षं नाटकं पाहिली, हिचे पाय आज पाहिले. केवढे थोरले आहेत!" ते सगळ्या माडीत पसरले. सासूबाई तर पदरात तोंड घालून इतक्या हसल्या, की त्यांचे पहिलेवहिले नाटक अर्धे हसण्यातच गेले. मामंजींना घरी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग जमीन वर घेतली ते बरोबरच झालं."

दोन महिन्यांनी गिरगावचे नाटकघर सुरू झाले. दुसऱ्या जिन्याचे लाकूड आमच्याच वखारीतून गेले होते. मामंजी तिथे गेले, प्रत्येक खांब छत्रीने ठोकून आले आणि तात्यांना म्हणाले, "दिवे झकास. पण आवाज विटा खातात." तिथून पुढे शनिवारचा खेळ तिकडे आणि रविवार दुपारचा इकडे, असेच ठरून गेले. दर आठवड्याला दोघे एकमेकांच्या नाटकघरात जात, दोष काढत आणि खूश होऊन परत येत. मधे प्लेगची साथ आली, चाळी ओस पडल्या, खेळ बंद झाले. आम्ही सगळे त्यातून वाचलो. त्या दिवसांतही मामंजी दर रविवारी दारे उघडून वारा खेळवून येत.

साथ ओसरल्यावर दोनेक वर्षांनी साध्या तापाचे निमित्त होऊन ते गेले. त्या शनिवारी गिरगावात खेळ झाला नाही. दारावर पाटी लावायला तात्या स्वतः गेले होते.

पुढेही तात्या रविवारी येत राहिले. आता मला मुलगा होता, म्हणून आमच्या घरचा चहा त्यांना चालत असे. एकदा मी विचारले, "तात्या, वय झालं तुमचं. एवढ्या लांब कशाला येता? तिकडेही नाटकं आहेतच की."

"आहेत ग," ते म्हणाले. "पण तिकडे मी काहीही बोललो तरी सगळे हो म्हणतात."

त्यांनी चहा संपवला. मग उपरणे सावरून उठले, आणि आमच्या नाटकघराच्या पत्र्यांना रंग कसा चुकीचा दिला आहे, हे माझ्या यजमानांना ऐकवायला निघून गेले.