भाऊजींचा उजवा डोळा

"हे सगळं कुणीतरी लिहून ठेवायला हवं," ताई म्हणाली, "आणि वही तर तुझ्याकडेच असते." माझ्याकडे असते ती आकड्यांची वही. तिच्यात सबंध वाक्य लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. जमेल तसं लिहितो.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल आहे. तिथे उजव्या डोळ्यात भिंग अडकवून त्यांनी पन्नास वर्षं काढली. भिंग काढलं तरी तो डोळा थोडा मिटलेलाच राहतो, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, हे आपल्याला डोळा मारताहेत. एक बाई तर घड्याळ परत घेऊन गेल्या.

संध्याकाळी टेबल आवरलं की भाऊजी गच्चीवर जातात. तिथे त्यांची दुर्बीण आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधे जे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात, त्यांतल्या एकावर त्यांनी गेली सव्वीस वर्षं पाळत ठेवली आहे. दुर्बिणीतून तो साध्या ठिपक्यासारखा दिसतो, आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच. आज नकाशावर सगळे ठिपके टिपायचे, उद्या पुन्हा पाहायचं. जो जागेवरून हलला तो आपला. मग त्याच्या शेजारचे दोन तारे घ्यायचे, ज्यांचं तेज नकाशात छापलेलं आहे, आणि त्यांच्याशी ताडून याचं तेज ठरवायचं. भाऊजी दुर्बिणीला लावलेला उजवा डोळा न हलवता आकडा सांगतात आणि मी लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात तो लिहितो. ताई या दगडाला "खडा" म्हणते. जेवणाची पानं घेतली की खालून हाक येते, "सापडला का खडा? नसेल तर डाळीत एक आहे, तो घ्या."

हे आकडे महिन्याच्या शेवटी पोस्टाने निरीक्षक मंडळाकडे जातात. मंडळात गावोगावचे अकरा जण आहेत. चिटणीस सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून आलेख काढतात, आणि हंगाम संपला की तो छापून येतो. त्याच्याखाली बारीक अक्षरात सगळ्यांची नावं असतात. भाऊजींच्या घरात त्यांच्या लग्नाचा फोटो कपाटात आहे आणि हे सव्वीस आलेख भिंतीवर.

या वर्षी हंगामाच्या तोंडावर भाऊजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावाही पिकलाय, पण त्याला अवकाश होता. डॉक्टर म्हणाले, "आता मुंगीचे पाय मोजा." भाऊजी खुशीत होते. महिनाभराने डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही गच्चीवर गेलो, दोन महिने नोंदी पाठवल्या, आणि चिटणिसांचं पत्र आलं.

"आपल्या नोंदी इतरांपेक्षा सातत्याने तीन दशांशांनी मंद येत आहेत. वयोमानानुसार असे होऊ शकते. या हंगामाच्या आलेखातून त्या वगळाव्यात, असे मंडळाचे मत आहे. महिनाअखेरपर्यंत आपले म्हणणे कळवावे."

भाऊजींनी पत्राची घडी घातली. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "मेहुणे, तुम्ही तीन लिहिता तो तीनच असतो ना? मला कधीकधी आठ वाटतो."

माझी झोपच उडाली. मी आयुष्यभर कारकुनी केली, पण आपलं काही बरोबर असेल असं मला कधी मनापासून वाटलेलं नाही. दोन दिवस मी वहीतले सगळे तीन आणि आठ तपासले. सगळे ठीक होते. तरीही मी भाऊजींना म्हणालो, "माझीच चूक असेल."

"तुझी कशाला?" ताई म्हणाली. "चूक करायला गच्चीवर लक्ष तरी असतं का तुझं? तू तर डुलक्या काढतोस."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी दुर्बिणीवर जुनी चादर टाकली आणि आठ दिवस वर गेले नाहीत. महिना संपायला दहा दिवस उरले होते.

त्यातच पुढच्या खोलीचं रंगकाम निघालं. आधीचा, आता धुरकटलेला क्रीम रंग भाऊजींच्या आवडीचा, तोच पुन्हा द्यायचा होता. रंगाऱ्याने एक भिंत पुरी केली आणि भाऊजी टेबलावरून उठले.

"हा कुठला रंग?"

"क्रीम, काका. तुम्ही सांगितलेला."

"मला शिकवू नका. हा निळसर पांढरा आहे. दवाखान्यात असतो तसा."

रंगाऱ्याने डबा आणून दाखवला. ताई म्हणाली, "अहो, क्रीमच आहे." भाऊजींनी माझ्याकडे पाहिल्यावर मीही क्रीम म्हणालो, जरा हळू.

"तिघं एक झालात," भाऊजी म्हणाले.

रंगारी शिडीवरून उतरला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "काका, डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आधी एक डोळा मिटा आणि भिंत बघा, मग दुसरा."

भाऊजींनी उजवा मिटला. भिंतीकडे पाहिलं. मग डावा मिटला. मग पुन्हा उजवा. असं बराच वेळ चाललं होतं.

"ऑपरेशन झालेलं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं," रंगारी म्हणाला. "पिकलेल्या डोळ्यातून सगळं पिवळट दिसतं, निळं अडकतं. नव्यातून निळं सगळं आत येतं. मी आता काम घेतानाच डोळे विचारतो. तुमचे विचारायचे राहिले."

भाऊजींनी नकाशा काढला आणि आम्ही तुलनेला घेत होतो त्या ताऱ्यांवर बोट ठेवलं. "मेहुणे, हे दोन्ही निळसर आहेत. आणि आपला दगड पिवळट. माझ्या नव्या डोळ्याला तारे जास्त उजळ दिसतात, म्हणून त्यांच्यापुढे दगड फिका पडतो." रंगाऱ्याला त्यांनी स्वतः चहा करून दिला. हा मान ताईलाही क्वचितच मिळतो.

त्या संध्याकाळी चादर निघाली. डाव्या डोळ्याने पाहिलं तर आकडा मंडळाच्या आकड्याशी जुळला. उजव्याने तीन दशांश मंद. मग जवळचेच दोन पिवळट तारे घेतले, आणि दोन्ही डोळ्यांनी एकच आकडा दिला. मी तो दोनदा विचारून लिहिला.

भाऊजींनी पत्र पाठवलं: "माझे म्हणणे एवढेच, की सभासदांची वये आणि डोळ्यांची ऑपरेशने कळवावीत."

उत्तर चार दिवसांत आलं, चिटणिसांच्या स्वतःच्या अक्षरात. अकरांतले नऊ जण पासष्टीच्या पुढचे, आणि एकाच्याही डोळ्याला अजून हात लागलेला नाही. दहावे भाऊजी. अकरावी एक कॉलेजातली मुलगी, यंदाच आलेली. तिचे आकडेही तीन दशांश मंद येत होते. नवखी म्हणून ते पहिल्याच महिन्यात वगळले होते.

"म्हणजे ज्या दोघांना नीट दिसतं, तेवढ्यांनाच बाहेर काढलं होतं," ताई म्हणाली. "छान मंडळ आहे."

आता सगळे जण पिवळट ताऱ्यांशीच ताडून पाहतात आणि आकडे जुळतात. या वर्षीच्या आलेखाखाली अकरा नावं आहेत, ती मुलगी धरून. चिटणिसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

भाऊजींच्या डाव्या डोळ्याची तारीखही आली होती, ती त्यांनी पुढे ढकलली. ताईने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "राहू दे थोडे दिवस. भिंत बघायला लागतो." गिऱ्हाईक नसलं की ते टेबलाशी बसून उजवा डोळा मिटतात आणि क्रीम रंग पाहत राहतात. परवा एक नव्या बाई दारातूनच परत गेल्या.