कोऱ्या कागदावरची सही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका सहीला घाबरणारा माणूस अख्ख्या नाशिकात नसेल. अंबडच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला; मोजल्याशिवाय त्यांनी एक नट पास केला नाही. आता ते कागद तपासतात. कुरिअरवाला त्यांच्या दारात आधी पाणी मागून घेतो, कारण वेळ लागणार हे त्याला ठाऊक असतं. मोबाइलच्या काचेवर बोटानं सही करायला त्यांचा साफ नकार. ती सही पुढे कुठे जाऊन बसते ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या लग्नाच्या नोंदणीत त्यांनी फॉर्म इतक्या वेळा वाचला की फोटोग्राफर जेवून परत आला. पोलिसांच्या मनमानीविरुद्ध मी लिहिलेलं तावातावाचं निवेदन घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी खालचा रिकामा भाग कात्रीनं कापून टाकला आणि मग सही केली.

या सगळ्याचं मूळ एका दुपारी आहे. चार वर्षांपूर्वी काका टपरीवर चहा पीत असताना एक हवालदार आला. एका कंपनीतून तांब्याची वायर चोरीला गेली होती आणि त्याला पंचनाम्यासाठी पंच हवा होता. बंदोबस्तानं त्याचे डोळे लाल झाले होते. "काका, लय दमलोय. सही तेवढी द्या, लिहितो मी ठाण्यात बसून." काकांना त्याची दया आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाचता, न मोजता, कोऱ्या कागदावर सही केली.

दोन दिवसांनी कळलं, की त्या कागदानुसार काकांच्या समोर आमच्या गल्लीतल्या वेल्डरच्या घरातून वायर जप्त झाली होती. काकांनी त्याच्या घराचा उंबरासुद्धा पाहिलेला नव्हता. वेल्डर तीन महिन्यांनी जामिनावर सुटला, तोवर नोकरी गेली होती. काका ठाण्यात खरं सांगायला गेले, तर त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. गल्लीनं सल्ला दिला, की पोलिसांच्या नादी लागू नका. मीही व्यवस्थेवर बरंच बोललो. काका मात्र दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जाऊ लागले. कधी साहेब रजेवर, कधी वकील नाहीत, कधी कागदच आलेले नाहीत. काकू म्हणायच्या, "आपल्या लग्नाची तारीख कधी लक्षात राहिली नाही यांच्या." वेल्डर तिथं दर वेळी भेटायचा आणि दर वेळी तोंड फिरवायचा.

गेल्या महिन्यात एकदाचा पुकारा झाला. मी मागे बसलो होतो. सरकारी वकिलांनी कागद दाखवून विचारलं, सही तुमचीच ना?

"सही माझीच. पण तेव्हा कागद कोरा होता. वर लिहिलेलं काहीच मी पाहिलेलं नाही."

"मग कोऱ्या कागदावर सही केली कशाला?"

"हवालदार दमलेले होते, साहेब," काका म्हणाले. कुणीतरी हसलं. वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं आणि कोर्टानं तशी नोंद केली. ज्या दिवशी काका खरं बोलले, त्याच दिवशी कागदोपत्री फितूर ठरले. मला संताप आला, पण तो आता पूर्वीसारखा पेटत नाही. आतल्या आत बसून राहतो.

बाहेर वेल्डर उभा होता. चार वर्षांत तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला. "काका, साक्ष झाली तुमची. आता नका येत जाऊ. तुम्ही सुटलात."

"तू सुटलास की मी सुटेन," काका म्हणाले.

वेल्डरनं स्कूटरला किक मारली आणि मागची सीट हातानं पुसली. निकाल अजून लागलेला नाही. परवाही पुढची तारीख मिळाली. हल्ली दोघं एकाच गाडीवर जातात आणि उन्हं कलल्यावर एकाच गाडीवर परत येतात.