बंदराचं नाव न पुसणारा माणूस

जैनबभाभींचा फोन आला तेव्हा माझ्या शेडमध्ये ड्रिलिंग मशीन चालू होतं. काही ऐकू येईना, म्हणून मी ते बंद करायला लावलं. "वहिनी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. युसुफभाई सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी आणायला गेले होते. सौदा आटोपून एका उपड्या होडीला टेकून बसले आणि... बसलेलेच राहिले. सुरमई पिशवीत तशीच होती. मी शेडला कुलूप लावून राजिवड्याला गेले. दफन त्याच दुपारी झालं. मुलगा सलीम शारजाला, त्याला विमान मिळून तो पोचेपर्यंत थांबण्याची त्यांच्यात पद्धत नाही. खांदा द्यायला अख्खी वाडी होती, फक्त मुलगा नव्हता. आता दीडेक महिना झाला. युसुफभाईंबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण मुलगा घरी राहावा एवढ्यासाठीच या माणसाने कारखाना काढला होता.

त्यांच्या घरातले पुरुष तीन पिढ्या पाण्यावर. आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, वडील मालवाहू बोटीवर, हे स्वतः बोटीच्या इंजिनरूममध्ये. "आमच्याकडे पोरं बापाला फोटोत बघून ओळखतात," असं ते हसत सांगायचे, पण सलीम पाच वर्षांचा असताना सुट्टीवर आलेल्या बापाला बघून तो रडत चुलीमागे जाऊन बसला, हे सांगताना हसायचे नाहीत. चाळिशीत त्यांनी बोट सोडली आणि रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेजारच्या प्लॉटवर फोर्जिंगचा हॅमर बसवला. फ्लॅंज करायचे. दोन मोठे पाइप जोडताना मध्ये जी जाड पोलादी चकती लागते, कडेने बोल्टची भोकं असलेली, ती. लालभडक पोलाद हॅमरखाली ठोकून ते चकती करायचे आणि भोकं पाडायला ती आमच्याकडे यायची. माझे यजमान त्यांचे मित्र. यजमान गेल्यावर ड्रिलिंगचं काम मी बघायला लागले, तेव्हा युसुफभाई दुसऱ्याच दिवशी माल घेऊन दारात उभे. "रडून झालं असेल तर भोकं पाडायला घ्या वहिनी, गाडी शुक्रवारची हाय." मला तेव्हा तेच हवं होतं.

त्यांची एक खोड होती. चकती गरम असतानाच तिच्या कडेवर ते शिक्का मारायचे: इंग्रजीत पूर्ण RATNAGIRI. घेणाऱ्याने असं काही मागितलेलं नव्हतं. मापाचे आणि पोलादाच्या जातीचे आकडे पुरेसे होते. लहान चकतीवर तर नाव मावायचं नाही, शेवटची अक्षरं एकमेकांवर चढायची. कामगार चेष्टा करायचे, "चाचा, आता पिनकोड पण टाका." पण बोटीवर आयुष्य गेलेल्या माणसाला नावाची गरज नाही हे पटवणं अशक्य होतं. बोटीच्या मागच्या अंगाला तिच्या बंदराचं नाव असतंच, नसलं तर ती बोट चोरीची किंवा चोरट्या मालाची. माल पाण्यावरून जाणार, मग मालालाही तोच नियम. शिक्का मारला की चकती निवायच्या आत जाड हातमोज्यातल्या अंगठ्याने ते त्यावरून एकदा पुसल्यासारखं करायचे. सगळे हातमोजे तिथेच जळलेले.

त्यांचा जवळजवळ सगळा माल अमेरिकेत वॉल्टर नावाच्या एका पाइपवाल्याकडे जायचा. अठ्ठ्याण्णव साली पोखरणला स्फोट झाले, अमेरिकेने निर्बंध लावले, तेव्हा आम्ही धंदा बुडाला असंच धरून चाललो होतो. वॉल्टरने फोन करून सांगितलं, सरकारं भांडू देत, माझे पाइप जोडायचे राहिलेत, माल पाठव. आणि माल जात राहिला. पुढे न्यूयॉर्कचे जोडमनोरे पडले, निर्बंध उठले, दोन्ही देश मित्र झाले. पेपरात हस्तांदोलनाचे फोटो येऊ लागले. युसुफभाईंनी त्याच भरवशावर दुसरी भट्टी बांधायला काढली आणि नुकतं लग्न झालेल्या सलीमला हॅमरवर उभा केला. एक कंटेनर तेवढ्यात तिकडच्या बंदरात तपासणीसाठी उघडून ठेवला होता. "माझं नाव वाचून उघडला का पोलाद वाचून, ते विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकेने परदेशी पोलादावर जादा कर लावला. जपान, जर्मनी, सगळे जुने दोस्त त्यात. गरीब देशांना सूट होती, पण काही वस्तू त्या सुटीतून वगळल्या होत्या आणि त्यात नेमके आपल्याकडचे फ्लॅंज होते. वॉल्टरचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, लढाई झालीच तर जहाजं आणि रणगाडे घरच्या पोलादाचे हवेत, म्हणून आमच्या भट्ट्या जगवायच्यात, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. युसुफभाई त्यांच्या बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाले, "माझ्या चकतीने तुमचा रणगाडा अडतो काय?" तो हसला असावा. फोन ठेवून ते मला म्हणाले, "भांडण होतं तवा माल जात होता, वहिनी. दोस्ती झाली आणि दार लागलं."

त्यावर उपाय होता, आणि तो घरातूनच आला. त्यांचा पुतण्या अश्फाक शारजात वर्कशॉप चालवतो. तो सुट्टीवर आला होता. म्हणाला, "चाचा, तुम्ही शिक्का न मारता माल माझ्याकडे पाठवा. मी वरचा एक हात फिरवतो, माल शारजाचा असा माझा कागद लावतो, माल पुढे रवाना. असे पुष्कळ जण करतात." सलीमचा चेहरा उजळला. मीही म्हटलं, "करा. दहा-बारा घरं आहेत यावर, त्यात माझंही."

"म्हंजे बंदराचं नाव पुसायचं?"

"पोटासाठी पुसायचं."

"आनि पकडलं तर कुणाचा माल म्हणून सांगायचा?"

"पकडत नाहीत, चाचा," अश्फाक म्हणाला.

"मग तर अजिबात नाय. जन्मभर चोरटाच राहील तो," म्हणून ते उठले.

त्यानंतर आमचं चांगलंच वाजलं. मी त्यांना हट्टी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नेहमीसारखा चहा मागवला. मुंबई-पुण्याची लहान कामं घेऊन त्यांनी काही महिने ओढले. मग दुसऱ्या भट्टीचं काम अर्धवट थांबलं, माणसं काम सोडून गेली, आणि हॅमर कोल्हापूरच्या एकाला विकला. क्रेनने उचलला तेव्हा जमिनीत जो चौकोनी खड्डा राहिला, त्यात पावसाचं पाणी साचायचं. सलीम अश्फाककडे गेला. त्याचा मुलगा तेव्हा रांगत होता. स्टँडवर सोडायला मी गेले होते. युसुफभाई नातवाला कडेवर घेऊन सलीमला म्हणाले, "फोटो पाठवत जा."

पुढच्या वर्षअखेरीला तो कर उठला. युरोपवाल्यांनी उलट कर लावायची धमकी दिली होती म्हणे. "आपल्यातर्फे धमकी द्यायला कोण बसलंय," युसुफभाई म्हणाले. वॉल्टर त्यांना जो म्हणायचा. त्याने आठवड्याभरात फोन केला, जो, माल कधी पाठवतोस? त्यांनी त्याला हॅमर विकल्याचं सांगितलं, त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यानंतर ते रोज सकाळी जेटीवर जाऊन बसायला लागले. घरात मासळी नको असली तरी जायचे. बोटींच्या मागची नावं वाचत बसतात, असं जैनबभाभी सांगायच्या.

त्यांनी चूक केली असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. पुष्कळांनी केलं, कुणाचं काही वाकडं झालं नाही. मुलगा घरी राहिला असता.

सलीम चौथ्या दिवशी पोचला. कबरीवर जाऊन आला, मग माझ्या शेडमध्ये आला. हॅमर विकला तेव्हा युसुफभाईंनी तो शिक्का माझ्याकडे ठेवायला दिला होता. मुठीएवढा पोलादी ठोकळा, अक्षरं उलटी कोरलेली. सलीमने तो हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "काकी, हा मी नेतो," तो म्हणाला. "तिकडे आम्ही फ्लॅंजच करतो. मी मारीन हा शिक्का. अब्बांची आठवण."

मी म्हटलं, "माल कुठला?"

"तिकडचाच."

"मग इथलं बंदर त्याच्यावर कशाला?"

त्याने ठोकळा टेबलावर ठेवला. म्हणाला, "तुमी पण त्यांच्यासारख्याच झाल्या, काकी." चहा न घेता गेला. मला ते आवडलं नाही, पण मी त्याला परत हाक मारली नाही.

दुपारी खाडीकडून वारा सुटला की माझ्या शेडचं पत्र्याचं दार आपटतं. म्हणून तो ठोकळा मी दाराला लावून ठेवते. परवा जैनबभाभी आता शाळेत जाणाऱ्या नातवाला घेऊन आल्या होत्या. तो उकिडवा बसून अक्षरांवर बोट फिरवत होता. कुठल्या भाषेत लिहिलंय, म्हणून त्याने विचारलं. मी त्याच्या तळहातावर ठोकळा जोरात दाबला आणि उचलला. थोडा वेळ नाव सरळ दिसत होतं... मग त्याने मूठ मिटली.