फाटकावरची खुर्ची

"सगळं अंडर कंट्रोल हाय!" असं म्हणायचं, मनगट उलटं करून घड्याळ बघायचं आणि मग शिट्टी फुंकायची. ह्याच क्रमानं, रोज. सुभेदार फौजेतनं रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण शिट्टी काही रिटायर झाली नव्हती. नळाला पाणी आलं, शिट्टी. ग्रामसभा सुरू, शिट्टी. एकदा तर एका लग्नात मंगलाष्टकं लांबली म्हणून अंतरपाटाच्या मागनं शिट्टी! खोटं नाही सांगत, मी त्याच लग्नात जेवायला होते.

असा एक माणूस तुमच्याही गावात असणार. ज्याला वाटतं की आपण नसलो तर सूर्य सुद्धा उशिरा उगवेल.

मी फलटणची. नर्सिंग झालं आणि कराडकडच्या ह्या ऊसवाल्या गावात उपकेंद्रावर नेमणूक झाली. कामं ढीगभर, पण मला एक काम मनापासून करायचं होतं. तिशीच्या पुढच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. एक पातळ औषध लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. बस. एवढंच! मला वाटलं, रांग लागेल.

कसली रांग! नवरे म्हणायचे, "आमच्या हिला काय धाड भरलीया?" सासवा म्हणायच्या, "तीन पोरं झाली, आता तितं काय बघायचं ऱ्हायलंय?" आणि पारावर बसणारे एक गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात एकदाही स्वतःचं ताट उचललं नाही, ते मला तोंडावर म्हणाले, "म्याडम, तसलं काय केलं असल्याबिगर कोण तपासून घेतंय?" ह्यांची म्हैस एक वेळ वैरण खाईना तर डॉक्टरला बांधावर बोलावतात. बायकोचं अंग दुखलं तर तिला सांगतात, जरा पड.

आणि मग मी माझ्या हुशारीनं जे केलं ते ऐका. मी सुभेदारांना भेटले. म्हटलं, "काका, तुमचं गाव ऐकतं. तुम्ही मनावर घ्या."

घेतलं ना मनावर! दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या भोंग्यावरनं आवाज: "समस्त महिला मंडळाला कळवण्यात येतंय, बुधवारी ठीक नऊला गर्भाशयाची तपासणी हाय. हजेरी घेतली जाईल. पयल्या नंबरला आमच्या घरनं हाय. आर्डर म्हंजे आर्डर!" मी ओट्यावर दात घासत होते. ब्रश तोंडातच राहिला.

त्याच्या पंधरा दिवस आधी काय झालं होतं ते सांगते, म्हणजे मी का हादरले ते कळेल. सुभेदारांच्या घरनं, म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, बीपी तपासायला आल्या होत्या. पट्टा सोडताना हळूच म्हणाल्या, "पोरी, पाळी होऊन गेली तरी मधनंच डाग पडत्यात. दिवाळीपास्नं."

उन्हाळा लागला होता. दिवाळीपासून!

"काकी, उद्याच तपासू."

"बघू गं. पर ह्यास्नी बोलू नगंस. देवळावर सांगतील."

आणि त्यांनी देवळावरच सांगितलं. तेही डागांचं काही माहीत नसताना.

बुधवारी पावणेनऊला सुभेदार हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात वही. म्हणाले, "म्याडम, खुर्ची." खुर्ची मीच दिली, हे कबूल करते. ती त्यांनी उपकेंद्राच्या फाटकात मधोमध मांडली आणि ताठ बसले.

बायका आल्या. खरंच आल्या! मी खिडकीतनं बघत होते. पाण्याच्या टाकीपर्यंत यायच्या, फाटकात सुभेदार दिसले की पदर डोक्यावर ओढायच्या आणि वळायच्या. कुणी झाडाकडं बघत वळली, कुणी काहीतरी विसरल्यासारखं करून. अर्धं गाव एकाच भावकीतलं. हा माणूस त्यातल्या कुणाचा चुलत सासरा, कुणाचा थोरला दीर. ज्याच्यासमोर ह्या बायका कधी खुर्चीवर बसल्या नाहीत, त्याच्या समोरनं, त्याच्या वहीत टिक करून घेऊन, ह्या तपासणीला आत जायचं?

बारा वाजता वही कोरी. सुभेदारांनी घड्याळ बघितलं. "बायकांस्नी शिस्तच न्हाई."

मला इतका राग आला होता ना! त्यांनी मला घरी चहाला नेलं, तिथं जे ऐकलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"तू का आली न्हाईस?" त्यांनी दारातनंच विचारलं. "पयलं नाव तुजं हुतं."

काकी गॅसपाशी. मागं वळल्या पण नाहीत. "ऐकलं की. आख्ख्या गावानं ऐकलं. नदीपल्याड बी ऐकलं असंल."

"त्यात लाजायचं काय? फौजेत दरसाल मेडिकल व्हायचं. कपडे काढून लायनीत हुबं करायचे आमाला."

"व्हय का?" काकींनी चहा गाळला, कप त्यांच्यापुढं ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या फौजेत फाटकावर सासरा बसतुया का?"

मी चहाकडं बघत बसले. सुभेदारांचा हात घड्याळाकडं गेला, पण वेळ बघितली नाही. काकी आत निघून गेल्या.

दोन दिवस गावात शिट्टी वाजली नाही. नळाला पाणी आलेलं लोकांना कळेना, काहींचे हंडे रिकामे राहिले!

तिसऱ्या दिवशी ते उपकेंद्रावर आले. आत आले नाहीत, पायरीखालीच उभे. खिशातनं छोटी डायरी काढली. "म्याडम, मी कुटं बसलो म्हंजे बायका येतील?"

"काका, जिथनं उपकेंद्र दिसत नाही तिथं."

त्यांनी ते लिहून घेतलं. देवाशप्पथ, लिहून घेतलं!

पुढच्या बुधवारी भोंगा पुन्हा वाजला. "समस्त पुरुष मंडळींनी ठीक नऊला ओढ्यावर जमायचं. सफाई हाय. घरातली ल्हान पोरं संगं आणायची. बायकांच्या गळ्यात टाकून कुणी आलं तर माघारी धाडीन." बस, एवढंच. बायकांबद्दल एक शब्द नाही. बायकांना मी गिरणीत, दळण दळता दळता, आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशीचा ओढा मी बघितला नाही, पण व्हिडिओ बघितलाय. एका हातात फावडं, दुसऱ्या काखेत रडणारं पोर, असे गावचे सगळे मर्द. पारावरच्या त्या गृहस्थांच्या शर्टावर नातवानं शू केलेली. मी तो व्हिडिओ अजून डिलीट केला नाही, करणारही नाही.

आणि फाटकात रिकामी खुर्ची. बायका तिच्याकडं एकदा बघायच्या आणि सरळ आत यायच्या. कुणी हसत, कुणी मैत्रिणीला ढकलत, "तू आदी!" "न्हाई बाई, तूच!" करत. काकी आल्या पण नंबर लावेनात. "पयला नगं. मधीच कुटंतरी घाल मला."

काकींना औषध लावलं, मिनिटभर थांबले. पांढरा डाग उठला.

तुम्हाला ताटकळत ठेवणं मला जमणार नाही, म्हणून पुढचं आधीच सांगते: वेळेत सापडलं. पेशी बदलायला लागल्या होत्या, कॅन्सर झाला नव्हता. तेवढा भाग काढला. पण त्या दिवशी हे ना मला माहीत होतं ना त्यांना. मी चिठ्ठी लिहिली, त्यांनी ती घडी करून कमरेला खोचली. "ह्यास्नी मी सांगते," म्हणाल्या. "माझ्या पद्धतीनं."

संध्याकाळी सुभेदार आले, चिखलानं माखलेले. खुर्चीत बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"किती?"

"सव्वीस, काका."

मान हलवली. कोण कोण आलं, विचारलं नाही. घरनं आली का, तेही नाही. ह्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा न विचारणं जमलं होतं, आणि ते बघायला कुणी नव्हतं. मी होते म्हणा.

आता ते पुण्याला मुलाकडं असतात. भोंगा गप्प आहे. यंदाच्या शिबिराला तालुक्याचे कुणी पुढारी आले, फीत कापली, हार घेतला आणि खुर्ची घेऊन बसले. कुठं, ते तुम्हीच ओळखा. चार बायका आल्या.

मला मात्र त्या बुधवारनंतरची एक सकाळ आठवते. मोटरसायकलवर दोघं. काकींच्या पदराखाली मोठ्या दवाखान्याची फाईल. किराणा दुकानदारानं हाक मारली, "आवं सुभेदार, जोडीनं कुटं?"

जो माणूस स्वतःचा दाढदुखीचा इलाजसुद्धा भोंग्यावरनं सांगायचा, त्यानं सरळ समोर बघत सांगितलं, "सातारला. ट्रॅक्टरचं टायर बघाय."

गाडी माझ्या समोरनं गेली. मी हातानंच विचारलं, काय? त्यांनी गाडी तशीच पुढं काढली. मागनं काकींनीच मान वळवली, एक हात त्यांच्या खांद्यावर, आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडल्या:

"सगळं अंडर कंट्रोल हाय गं!"