गुंजेची वाट

आई अमेरिकेत एडिसनला आमच्याकडे आली तेव्हा विमानतळावर कस्टमवाल्यांनी तिचं लोणचं उघडून हुंगलं, मेतकुटावर दोघांनी गंभीर चर्चा केली. दागिन्यांच्या डबीतल्या गुंजा मात्र कुणाच्या नजरेत आल्या नाहीत. आमच्या सोनारानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतला तेव्हा वजनाच्या या जुन्या गुंजा आईनं त्याच्याकडून मागून घेतल्या होत्या. सोन्याच्या डबीत गुंज असावी, असं तिच्या माहेरी मानतात.

डबीत गुंजा आहेत हे मला माहीत नव्हतं. असतं तर मी त्या लगेच फेकून दिल्या असत्या, कारण वनस्पतींमधली विषारी प्रथिनं पेशीत कशी शिरतात, हेच माझं लॅबमधलं काम. गुंजेत एरंडाच्या बीसारखंच विष असतं.

शनिवारी सकाळी माझी पाच वर्षांची लेक नाचतच स्वयंपाकघरात आली. "मम्मा, आय एट आजीज लेडीबग!"

लाल अंग, काळा ठिपका. मी काय ते समजले. मागून आई हसत आली. "अगं, एकच गुंज गेली पोटात. गुंजेचा पाला नाही का आपण विड्यात खात? काही होत नाही."

मी आईवर ओरडले. शेजारच्या काकूंनी दार उघडून बघावं इतक्या मोठ्यानं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिलं विचारलं, चावली की नुसती गिळली? सगळं त्यावरच होतं. कवच शाबूत असेल तर गुंज जशी गेली तशी बाहेर पडते. फुटलं तर त्या विषाला उतारा नाही. लेकीला विचारलं तर एकदा 'येस' म्हणाली, एकदा 'नो', आणि मग तिनं कार्टून लावायला सांगितलं. नवरा कामासाठी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होता, तो मिळेल त्या विमानानं निघाला. पुढे काय काय होऊ शकतं हे मला फार नीट माहीत होतं.

"तू हेच शिकलीस ना गं?" आई म्हणाली. "मग औषध सांग की."

औषध नव्हतं, म्हणून मी त्या विषाची वाट सांगत बसले. हे प्रथिन पेशीच्या अंगावरच्या साखरेला चिकटतं. पेशी त्याला पिशवीत घालून आत घेते. खरं तर ते कचऱ्यात जायला हवं, पण त्यातलं थोडं उलट्या दिशेनं जातं, जिथं पेशी स्वतःची प्रथिनं घडवते तिथपर्यंत. तिथून निसटतं आणि ते घडवणंच बंद पाडतं.

"म्हणजे दार फोडून नाही शिरत?"

"नाही. पेशीच त्याला आपलं समजून आत आणते."

आईनं नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "कानातलं दाखवायला डबी मीच दिली तिच्या हातात."

मी खरंच पेशीबद्दल बोलत होते, तिच्याबद्दल नाही. पण राग अजून गेला नव्हता, म्हणून ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंज बाहेर आली, अख्खी. मी ती धुतली, उजेडात फिरवून फिरवून पाहिली, साधा चरासुद्धा नव्हता. मग बाथरूममध्येच बसून रडले. डॉक्टरांनी आणखी थोडा वेळ ठेवून घेतलं आणि मग घरी सोडलं.

घरी मी वरणभात केला. लेक ताट घेऊन आजीपुढे बसली. "आजी, फीड मी ना."

आईनं हात मांडीवरच ठेवले. "आधी मम्माला विचार, बाळा."

"अगं आई, भरव ना," मी म्हटलं.

आईनं भात कालवला. पहिला घास तिनं स्वतः खाऊन पाहिला, थोडी थांबली, आणि मगच नातीला भरवला.