शून्यमामांचा ढिला व्हॉल्व्ह

पहाटेपासून बोचरा वारा सुटला होता आणि सूर्यसुद्धा पांघरुणातून तोंड बाहेर काढायला तयार नव्हता. शून्यमामा आंघोळ उरकून निघाले, तोच मोरीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, नळ! तीस वर्षं झाली, एकदा तरी पुरता बंद करा!"

"वायसर गेलाय त्याचा," म्हणत मामा सटकले.

भट्टीला जाणारा गॅस मोजणाऱ्या मीटरांना शून्य लावायचं, म्हणजे नळीत काहीच वाहत नसताना आकडा शून्यावर आणायचा, हे मामांचं कारखान्यातलं काम. पाळण्यातलं नाव आता हजेरीपटालाच ठाऊक. आधी नायट्रोजन सोडून नळीतला जुना गॅस पार हाकलायचा, मग मीटरच्या अलीकडचा-पलीकडचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा, अर्धा तास थांबायचं आणि मगच शून्याचं बटण दाबायचं. सवय इतकी मुरलेली, की खुर्चीत बसण्याआधीही मामा तिच्यावर फुंकर मारत.

निवृत्ती दोन महिन्यांवर आलेली. आजवर एक शून्य चुकलं नव्हतं. मामांची सगळी इस्टेट ती एवढीच. आज ती नव्या इंजिनीयर बाईंच्या हवाली करायची होती.

बाई वही उघडून उभ्या राहिल्या आणि मामांना चेव चढला. नायट्रोजन फुसफुसला, व्हॉल्व्ह फिरले, अर्धा तास बोलण्यातच सरला.

"मॅडम, माझ्या आधी इथं एक महाभाग होता. व्हॉल्व्ह उघडा ठेवून बटण दाबलं पठ्ठ्यानं! वाहता गॅस मीटरनं शून्य धरला. म्हणजे सासूबाईंना वजनकाट्यावर उभं करायचं आणि काटा शून्यावर आणायचा. मग काय, सासू फुलासारखी हलकी!"

बाई खुदकन हसल्या. मीटर चार दाखवत होता, पण दोन-चार इकडंतिकडं असायचंच. मामांनी हसत हसत बटण दाबलं. "हे बघा, शून्य!"

तेवढ्यात मामांचा जुना दोस्त भट्टीवाला हात पुसत आला. "मामा, हे दोन्ही व्हॉल्व्ह ढिले कसे?" म्हणत त्यानं ते करकचून पिळले. आकडा घसरला. उणे चार.

"अरे वा! गॅस तुम्हाला भिऊन माघारी पळतोय!" भट्टीवाला हसला.

मामांना लख्ख कळलं: बटण दाबलं तेव्हा ढिल्या व्हॉल्व्हमधून थोडं वाहतच होतं. बाईंना अजून उमगलं नव्हतं. 'वायसर गेलाय' जिभेच्या टोकावर येऊन बसलंसुद्धा होतं. पण असंच सोडलं तर मीटर शंभर म्हणणार, भट्टी एकशे चार पिणार आणि दुपारपर्यंत अख्खा माल काळाठिक्कर.

मामांनी बाईंच्या वहीकडं बोट केलं. "मॅडम, लिहा. सासूबाई काट्यावरच होत्या. मीच उभ्या केल्या."

"म्हणजे तो महाभाग..."

"तो पहिला. दुसरा तुमच्यासमोर."

"नशीब, दोन महिनेच राहिलेत," भट्टीवाला म्हणाला, "नाहीतर तिसराही तुम्हीच!"

पुन्हा नायट्रोजन, पुन्हा व्हॉल्व्ह. या खेपेला बाईंनी स्वतःच्या हातानं ते चाचपले आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: 'मामा बोलत असताना बटण दाबू नये.' मामांनी ते वाचलं आणि खाली मुकाट सही केली. अर्धा तास तोंडाला कुलूप. मग बटण बाईंनी दाबलं. शून्य आलं, आणि भट्टी उशिरा का होईना, पेटली.

संध्याकाळी मोरीत टपटप चालूच होती.

"वायसर आणलात?" बायकोनं विचारलं.

"धड आहे तो," मामा पुटपुटले आणि त्यांनी नळ घट्ट पिळला. टपटप थांबली. मग डबा विसळायचा राहिलाय हे ध्यानात आलं, तसा नळ पुन्हा उघडला.