विहिरीतलं हेलिकॉप्टर

मंडळी, रावेरहून जळगावला आलो तो थेट सायबर कॅफेतच बसलोय. नाकात अजून विहिरीचं पाणी आहे.

भाचा नौदलात हेलिकॉप्टरवर असतो. सुटी संपली, पण माझी बहीण अक्का त्याला जाऊ देईना. हेलिकॉप्टर समुद्रात बुडालं तर? त्याने सरावाची छोटी हवेची बाटली दाखवली. ती तोंडात धरून श्वास घ्यायचा आणि बाहेर निघायचं. अक्काला पटेना. भीतीविरुद्ध जन्मभर भाषणं दिलेला मी उठलो. "मी करून दाखवतो."

हेलिकॉप्टरचं छत म्हणून एक बाज दगड बांधून विहिरीत पाण्याखाली सोडली. अक्काने काळजीने माझ्या कमरेला केळीचा खांब बांधला. आमच्याकडे पोहायला असंच शिकतात, खांब बुडू देत नाही. भाच्याने मला ओढून बाजेखाली नेलं आणि खांबाने मला वर उचलून बाजेला चिकटवलं. तोंडात बाटली, त्यामुळे ओरडायचीही सोय नाही. शेवटी भाच्याने खांबाची दोरी कापली आणि मला वर काढलं.

"मामा, तरंगणारं काही बांधलं की माणूस आतच छताला अडकतो."

अक्का पोट धरून हसत होती. "हा गप राहून वाचला, मंग आपला पोरगा तं वाचीनच. भर रे तुझी बॅग."

माझ्या एकाही भाषणाने अक्काचं मत कधी बदललं नव्हतं. तुमच्या घरी कोणाला गप्प बसून पटवलंय का?